तिसऱ्या मजल्यापर्यंतचं पाणी

गल्लीत घरं अकरा, नळ अकरा आणि नळाचं पाणी ओढून घेणाऱ्या मोटारी दहा. ही मोजदाद तिने स्वतः केली होती, जिन्यात कान देऊन, एकेकीची घरघर वेगळी ओळखून. अकरावं घर तिचं, तिसऱ्या मजल्यावरचं, बिनमोटारीचं. सकाळी पाणी सुटलं की तिथला नळ नुसते सुस्कारे सोडायचा. ती प्रयोगशाळेत गेली की गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई खालच्या सार्वजनिक नळावरून गुपचूप बादल्या चढवायची.

"एक मोटार घेऊन टाकू गं," बाबा म्हणायचे.

"म्हणजे दहाच्या अकरा! अहो बाबा, सगळेच ओढायला लागले तर वर येणार काय? पाणी पोचवणं सरकारचं काम आहे, आपलं नाही. आठवड्याभरात आपल्या नळाला धो धो पाणी आणून दाखवते!"

पदार्थविज्ञानाची पदवी मिळाल्यापासून ती अशी बोलायला लागली की बाबा वर्तमानपत्रात तोंड खुपसत.

तिने तक्रार केली, सोबत आलेख जोडला. आणि पाणीखात्याने ती चक्क मनावर घेतली! इथेच घात झाला. तपासणीची आगाऊ सूचना द्यायची, असा नियम. ती सूचना गल्लीच्या तोंडाशी खांबावर झळकली: सोमवारी सकाळी पाण्याचा दाब तपासला जाईल, बेकायदा मोटारी जप्त होतील.

रविवारी गल्लीत लग्नघरासारखी धांदल उडाली. किराणावाल्याने मोटार तांदळाच्या पोत्यांमागे दडवली. निवृत्त मास्तरांनी आपली मोटार पाळण्यात ठेवून वर दुपटं घातलं. घरात तान्हं बाळ नाही याचा त्यांना विसर पडला. पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी तर आपली मोटार गादीवर आडवी केली, डोक्याशी उशी दिली आणि रजई पांघरली.

"कुणी विचारलं तर आजारी आहे म्हणेन."

"कोण आजारी, काकू?"

"ते विचारल्यावर बघू!"

आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उद्या मोटारी बंद, म्हणजे दाब उत्तम, म्हणजे तक्रार खोटी!

"काकू, उद्या एक दिवस मोटार चालू ठेवा ना! हवं तर जास्त वेळ ठेवा!"

"वा गं वा! तू तक्रार करणार आणि मी आरतीचं ताट घेऊन जप्तीची वाट बघणार?"

ज्या मोटारी बंद व्हाव्यात म्हणून तिने अर्ज केला, त्या चालू ठेवा म्हणून ती दिवसभर दारोदार विनवत हिंडली. एकानेही ऐकलं नाही.

सोमवारी पाणीखात्याचे साहेब दाबमापक घेऊन धापा टाकत वर आले. मागोमाग सगळी गल्ली दारात जमली. साहेबांनी न्हाणीघरातला नळ फिरवला मात्र, पाणी असं उसळलं की त्यांचा चष्मा थेट बादलीत!

"तक्रार कमी पाण्याची होती ना?" साहेबांनी तोंड पुसलं.

"आज सगळ्यांनी मोटारी बंद ठेवल्यात, साहेब. उद्या परत सुरू होतील."

"उद्याची नोंद मी आज कशी करू?"

"मग न सांगता या."

"तसा नियम नाही. आमचं काम पाणी सोडणं. ते आम्ही रोज सोडतो."

"सोडणं आणि पोचवणं यांच्यामध्ये तीन मजले आहेत, साहेब. ते माझी आई चढते. बादली घेऊन."

दारातल्या काकू आपल्या पायांकडे बघायला लागल्या. साहेबांनी बादलीतून चष्मा काढला.

"बरं. मोटार दाखवा, आत्ता उचलतो." एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यात गेली. "हे काय झाकलंय?"

"टीपॉय," बाबा घाईने म्हणाले.

"न्हाणीघरात?"

"इथे... हवेशीर असतं."

पाण्याने भिजून जड झालेली चादर त्याच क्षणी घसरली. टीपॉयला प्लग होता.

"बाबा!"

"परवाच बसवली गं. अजून चालू पण केली नाही. हिचा गुडघा बघवेना. तुझं सरकार वर येईपर्यंत म्हटलं..."

दहा नाही, अकरा. इतक्या काळजीने केलेली मोजदाद, आणि चूक निघाली ती स्वतःच्याच न्हाणीघरात!

साहेब हळूच म्हणाले, "मी काही पाहिलं नाही."

तिने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली होती. नकार नव्हता, होकारही नव्हता.

"पाहिलंत, साहेब. घेऊन जा. पण मग प्रत्येक घरातली न्या."

"बाकीची घरं तुमच्या तक्रारीत नाहीत," साहेब म्हणाले. त्यांनी एकुलती एक मोटार उचलली, दाब समाधानकारक असल्याचं लिहून तक्रार निकालात काढली आणि निघाले. जाताना जिन्यात तीनदा टेकले. त्यांच्या हातात ओझं होतं.

मंगळवारी सकाळी तिने रिकामी बादली उचलली आणि सवयीने कान दिला. पुन्हा ऐकलं. मग खाली उतरली. काकूंचं दार उघडं होतं. गादीवर रजई तशीच होती, डोक्याशी उशी तशीच.

"काकू, बरं नाही का अजून?"

"झोपू दे तिला," काकू शिलाईयंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या. "तू वर जा. नळ बघ."

ती वर आली आणि बादली नळाखाली ठेवली.

नळ अकरा. चालू मोटारी नऊ. पाणी जाईपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पाव बादली.