नमुना क्रमांक सतरा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या चित्रप्रेमी मंडळानं पहिला चित्रपट महोत्सव ठरवला तो २००३ साली. उद्घाटनाला हार कुणी आणायचे, बॅनरवर कुणाचं नाव वर घ्यायचं, हे सगळं पहिल्याच बैठकीत भांडून मिटलं. सिनेमे निवडायचे म्हणजे आधी ते बघावे लागतात, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जाहिरात दिली आणि महिन्याभरात एकसष्ट सिनेमे येऊन पडले. दाखवायचे होते बारा. निवड समिती तिघांची आणि हातात दिवस नऊ.

सेक्रेटरी विजयसिंह घोरपडे यांचं फरशांचं दुकान होतं, पण जीव सिनेमात. पुण्याचे नामांकित दिग्दर्शक गोवंडे उद्घाटनाला यावेत म्हणून त्यांनी दोन वर्षं पत्रं लिहिली होती. गोवंडे आता कुठं हो म्हणाले होते. त्यांच्या नावावरच थिएटरचे मालक गुंडूशेठ पाच दिवस थिएटर फुकट द्यायला तयार झाले. अट एकच. गोवंड्यांनी दिवा लावला नाही, तर संध्याकाळपासून थिएटरचा नेहमीचा मारामारीचा सिनेमा सुरू. म्हणजे गोवंडे आले तर महोत्सव, नाहीतर विजयसिंहांचं गावभर हसं.

समितीतल्या दुसऱ्या शांभवी मॅडम कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी हिशेब घातला, की सगळे सिनेमे बघायचे तर रोज चौदा तास बसावं लागेल. यावर तिसरे सभासद रुद्राप्पा मगदूम हसले. रुद्राप्पाआण्णा मूळचे कागलचे. एकतीस वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढून निवृत्त झालेले. सिनेमातलं त्यांना किती कळत होतं हा प्रश्न वेगळा, पण मंडळाला बसायला खोली त्यांचीच होती.

"रोज हजार कॅन येत हुते आमच्याकडं," ते म्हणाले. "प्रत्येक कॅन कोण पिऊन बघतंय व्हय? मधनं नमुना घ्यायचा. एवढासा. सगळं दूध कळतंय."

"पण आण्णा, दूध ढवळून घेतात. सिनेमा कसा ढवळायचा?" मॅडमनी विचारलं.

"ते करणाऱ्यानं ढवळून पाठवायचं. आपलं काम नमुन्याचं."

मॅडमना हे पटलं नाही, पण चौदा तासही पटले नव्हते. शिवाय सोय झकास होती. एकेक सिनेमा दोन सीड्यांवर आला होता. दुसरी सीडी लावली की सिनेमा बरोबर मधून सुरू. दहा मिनिटं बघायची आणि शेरा लिहायचा. एकसष्ट सिनेमे दोन दिवसांत हातावेगळे होणार होते.

डेअरीचा आणखी एक नियम आण्णांनी आणला. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. आमदाराची म्हैस असो नाहीतर अंबूबाईची, बाटलीवर फक्त नंबर. त्यामुळं आण्णांच्या पत्नी दानेश्वरीकाकूंनी सीड्यांच्या प्रत्येक डबीवरच्या नावावर कागद चिकटवून नंबर घातले आणि नावांची वही स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवली. काकूंना सिनेमाचं काडीचं वेड नव्हतं. इतकी निःपक्षपाती बाई अख्ख्या जिल्ह्यात मिळाली नसती.

तपासणी सुरळीत झाली. विजयसिंह थिएटरच्या मागं पळत होते, म्हणून बघायला आण्णा आणि मॅडम दोघंच. सतरा नंबरच्या सिनेमात एक म्हातारा विहिरीच्या काठावर बसला होता. पाच मिनिटं झाली तरी बसलेलाच. मॅडम म्हणाल्या, यात काहीतरी खोल असावं. आण्णा म्हणाले, हीर असंल. आठव्या मिनिटाला म्हाताऱ्यानं मान वळवली, तेव्हा आण्णा सावरून बसले. पण त्यानं पुन्हा होती तिथं नेली.

आण्णांनी शेरा लिहिला. असे शेरे निवड न झालेल्यांना कळवायचं कामही काकूंकडंच होतं. मंडळाच्या कोऱ्या लेटरहेडवर विजयसिंहांनी वेळ वाचावा म्हणून आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. काकूंनी वही उघडली, नंबरावरून पत्ते काढले आणि डेअरीत नापास कॅनबरोबर जशी चिठ्ठी जाते, तशी एकोणपन्नास पत्रं सुवाच्य अक्षरात लिहून पोस्टात टाकली.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी विजयसिंहांनी गोवंड्यांना फोन लावला. "सर, उद्याचं नक्की ना?"

"तुमचं पत्र मिळालं," गोवंडे शांतपणे म्हणाले. "येतोय मी." आणि फोन ठेवला.

कुठलं पत्र, हे विजयसिंहांना कळेना. निमंत्रणाला तर दीड महिना झाला होता. त्यांनी आण्णांच्या घरी जाऊन काकूंची वही मागितली. सतरा नंबरासमोर लिहिलं होतं: गोवंडे, पुणे. त्यांच्या ऑफिसनं चारचौघांसारखा फॉर्म भरून सिनेमा पाठवला होता. काकूंनी पत्राची स्थळप्रतही जपून ठेवली होती. ती अशी:

'आपला नमुना तपासला. पाण्याचं प्रमाण जास्त आढळल्यानं परत करीत आहोत. पुढच्या वेळी घट्ट पाठवावा. आपला नम्र, विजयसिंह घोरपडे.'

विजयसिंह मटकन काकूंच्या धान्याच्या डब्यावर बसले. दोन वर्षांची पत्रं एका पत्रानं खाल्ली होती. त्यांनी आण्णांना काकुळतीनं विनवलं, की उद्या गोवंडे आले की शेरा मागं घ्या, चुकून पडला म्हणा. आण्णांनी एकतीस वर्षांत चेअरमनच्या मेव्हण्यासाठी शेरा बदलला नव्हता. ते म्हणाले, बघू. कोल्हापुरात 'बघू' म्हणजे न्हाय, हे विजयसिंहांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता गोवंडे थिएटरवर उतरले. गाडीतून रिळांचे डबेही उतरले. विजयसिंह हार घेऊन पुढं झाले, तर त्यांनी हार हातानं बाजूला केला आणि विचारलं, की तपासनीस कोण?

आण्णा पुढं आले. "मी. या पावणं."

"तुम्ही माझा चित्रपट पूर्ण पाहिलात?"

"न्हाय. दहा मिन्टं. मधनं."

गोवंड्यांनी दीर्घ श्वास घेतला. म्हणाले, "आता पूर्ण पाहायचा. माझ्याशेजारी बसून. त्यानंतर तुमचं मत तेच राहिलं, तर मी दिवा लावायचा की नाही ते ठरवीन."

अकराला रिळं चढली. एवढ्या मोठ्या थिएटरात मधोमध दोघंच. बाहेर विजयसिंह येरझाऱ्या घालत होते. गुंडूशेठनी मारामारीच्या सिनेमाचं पोस्टर गोंदासकट तयार ठेवलं होतं, उगीच उशीर नको म्हणून. बारा वाजता मॅडम दारातून डोकावून आल्या. आण्णा ताठ बसून बघतायत, डोळ्याला डोळा लागलेला नाही, असं त्यांनी सांगितलं. विजयसिंहांनी अंबाबाईला नारळ बोलला.

एक वाजून दहा मिनिटांनी दोघं बाहेर आले. आण्णांचा चेहरा गंभीर होता. ते थेट गोवंड्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"सायेब, माफी करा. माझं चुकलं."

विजयसिंहांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हार परत उचलला.

"नमुना घ्यायला माझं चुकलं," आण्णा पुढं म्हणाले. "तुमच्या सिनेमात ती मधली धा मिन्टंच काय ती घट्ट हायत. निदान म्हातारा मान तरी हलवतोय. मागंपुढं लई पातळ हाय. मी आपला चांगला तेवढाच नमुना घिऊन बसलो."

गुंडूशेठनी पोस्टर उचललं. विजयसिंहांनी हार हळूच पाठीमागं लपवला, जणू तो नसताच तर बरं.

गोवंड्यांनी मात्र विचारलं, की विहिरीच्या आधीचा पाऊण तास तुम्हाला कसा वाटला? आण्णांनी सांगितलं. नंतरच्या शेताच्या प्रसंगाचं काय? तेही सांगितलं. बोलता बोलता दोघं समोरच्या हॉटेलात गेले. मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आला. आण्णा शाकाहारी, त्यांनी दहीभात घेतला. साडेतीनला दोघं बाहेर आले तेव्हा गोवंड्यांच्या हातातल्या कागदावर कुठं काय कापायचं याची लांबलचक यादी होती. पाचला त्यांनी दिवा लावला. भाषणात मात्र सिनेमाबद्दल एक अक्षर काढलं नाही, रश्श्याचं कौतुक करून बसले. महोत्सव पार पडला आणि विजयसिंहांनी नारळ फोडला.

पुढच्या वर्षीच्या महोत्सवाला पुण्याहून गोवंड्यांची डबी पहिली आली. यंदा ती उघडायला विजयसिंह स्वतः हजर होते. आत दोन सीड्या आणि सोबत दिग्दर्शकाच्या हातची चिठ्ठी: 'स्वतः ढवळून पाठवला आहे. नमुना कुठूनही घ्यावा.'

विजयसिंहांनी ती चिठ्ठी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवली.

"दूध घालणारा हरेक जण असंच म्हणतोय," आण्णा म्हणाले आणि डबी नंबर घालायला काकूंच्या हातात दिली.