आमच्या गाडीचा सांगाडा

लोखंडातली चीर ओळखायची असेल तर माझ्याकडे या. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाईच मारायची झाली तर आणखी बरंच सांगता येईल. पुलांची तपासणी करण्यात माझा जन्म गेला. पुलाखाली दोराला लटकायचं, हातोडीने तुळईवर टकटक करायची आणि आवाजावरून सांगायचं की ही तुळई आजारी आहे. एकदा माझ्या शब्दावर ॲरिझोनातला एक मोठा पूल बंद झाला आणि लोकांना वर्षभर डोंगराला वळसा घालून जावं लागलं. पुलाच्या कठड्यावर माझ्या नावाने शिव्या रंगवल्या होत्या. एल्डन प्रूइट हे नाव मात्र लिहिणाऱ्याने अचूक लिहिलं होतं.

अशा माणसाच्या घराचा सांगाडा तुटला. तोही बरोबर माझ्या उशीखाली. आणि मी त्यावर महिनोन् महिने घोरत होतो.

घर म्हणजे गाडी. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी बायको वर्ना, आम्ही राहतं घर विकलं आणि एक लांबलचक ओढगाडी घेतली. आमच्याकडे हिला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. चाकं मात्र चारच. पाचवं चाक म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसवलेली लोखंडी बैठक. गाडीचं पुढे आलेलं नाक त्या बैठकीवर टेकतं आणि ट्रक तिला ओढतो. त्या नाकातच आमची झोपायची खोली. उन्हाळ्यात आम्ही डोंगरात असतो आणि हिवाळ्यात युमाजवळच्या वाळवंटात, आमच्यासारख्याच म्हाताऱ्यांच्या आणि त्यांच्या गाड्यांच्या वसाहतीत.

वर्नाची बहीण ग्लेनिस ट्यूसनला असते. तिच्या मागच्या अंगणात दोन खोल्या रिकाम्या आहेत. दर फोनला ती म्हणते, “या वयात कशाला गोगलगायीसारखं घर पाठीवर घेऊन हिंडता? या इकडे.” ग्लेनिस वाईट नाही, पण तिला शिस्त आवडते. तिच्याकडे राहायला गेलो तर ती सकाळी कुत्र्यांना फिरवताना मलाही सोबत नेईल आणि कुत्र्यांआधी मला आंघोळ घालेल, याची मला खात्री आहे. म्हणून ही गाडी धडधाकट राहणं माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचं.

त्या हिवाळ्यात झोपायच्या खोलीचं दार अडकू लागलं. मी रंधा काढला, दार तासलं. मग खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेरच्या पत्र्याला एक तिरकी भेग गेली. मी तिच्यात डिंक भरला. पुन्हा भेग पडली, पुन्हा भरला. रात्री कुशीवर वळलं की गाडी कण्हायची.

“हे बरोबर नाही, एल्डन,” वर्ना म्हणाली.

“थंडीने लोखंड आकसतं,” मी म्हणालो.

“मार्च महिना आहे. मी पंखा लावून झोपतेय.”

शेवटी एका सकाळी मी गाडीच्या नाकाखाली सतरंजी टाकून उताणा झोपलो. गाडी ट्रकपासून सोडवलेली असली की ती पुढच्या दोन पायांवर उभी असते आणि ते पाय बटण दाबून वरखाली होतात. वर्नाला बटणापाशी उभं केलं आणि नाक उचलायला सांगितलं. नाक वर जाऊ लागलं, आणि गाडीची भिंत जिथे खालच्या सांगाड्यावर बसते तिथे हळूहळू एक फट उघडली. खाली आणलं की मिटली. आळस देणाऱ्या मगरीचा जबडाच. पुलाखाली हे पाहिलं असतं तर मी तासाभरात रस्ता बंद केला असता.

आता यानंतर आमचं जे बोलणं झालं ते नीट ऐका, कारण तेवढंच बोलणं आमच्या शेजारणीने ऐकलं. डॉटी क्रॅन्शॉ ही विधवा बाई कुंपणापलीकडे चादरी वाळत घालत होती. तिला आम्ही दिसत नव्हतो. आम्हालाही ती दिसत नव्हती.

“तुटलंय,” मी म्हणालो. “आतून पार तुटलंय.”

“कधीपासून?” वर्नाने विचारलं.

“वर्ष होऊन गेलं असेल. आपण वरवर लिंपत बसलो.”

“मी तुला सांगत होते.”

“सांगत होतीस. पण आता हे असं ओढत नेण्यात अर्थ नाही. कुठेतरी रस्त्यातच दोन तुकडे होतील.”

वर्नाने बटणावरचा हात काढला. मग म्हणाली, “मग मी ग्लेनिसकडे जाऊ?”

“तू जा हवं तर. मी नाही येणार.”

डॉटीच्या हातातली चादर तिथेच राहिली, असं तिने नंतर सांगितलं.

दुपारी ती आमच्या दाराशी आली. हातात काचेचं मोठं भांडं, त्यात चीज घालून भाजलेले बटाटे. आमच्या भागात हा पदार्थ कोणी वारलं की शेजारी घेऊन येतात. भांडं तिने वर्नाच्या हातात दिलं, तिला मिठी मारली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ते बटाटे आधीच खाऊन टाकलेत.

“तू माझ्याकडे राहायला ये,” ती वर्नाला म्हणाली. “हवं तितके दिवस. काही सांगायची गरज नाही.”

मला फार बरं वाटलं. गाडी दुरुस्त करायची तर पुढचा भाग रिकामा करून टेकूवर उचलावा लागणार होता, त्यात राहता येणार नव्हतं. मी आनंदाने वर्नाचं सामान डॉटीकडे नेऊ लागलो. कपडे, शिवणयंत्र, आणि तिने वाळवंटातून गोळा केलेले रंगीत दगड. दगडच इतके होते की हातगाडीच्या खेपा संपेनात. ओझं वाहताना मला शीळ घालायची सवय आहे. वसाहतीतली माणसं आपापल्या सावलीत बसून मला शीळ घालत बायकोचं सामान घराबाहेर काढताना बघत होती. कोणी हात हलवला नाही. उन्हामुळे असेल, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन भांडी बटाटे आले. तिसऱ्या दिवशी पाद्री हॅस्केल आले. हे वसाहतीच्या सभागृहात रविवारची प्रार्थना घेतात. स्वभावाने सज्जन, पण कुठलीही गोष्ट नाव घेऊन बोलायचे नाहीत. मी खालचा पत्रा उचकटत होतो. ते बादली उपडी करून शेजारी बसले.

“एल्डन, ऐकून वाईट वाटलं,” ते म्हणाले.

“चालायचंच. वय झालं की होतं.”

“हे काही एका दिवसात झालं नसणार.”

“नाही हो. दारं अडकायला लागली, आतून कण्हण्याचा आवाज यायला लागला. मी दुर्लक्ष केलं.”

पाद्रींनी मान डोलावली. “चूक कोणाची, असं वाटतं तुम्हाला?”

“खरं सांगू? मुळात जोडणीच कच्ची झाली. ज्याने जोडलं त्याला घाई असणार. जेवणाच्या सुट्टीआधी उरकून टाकलं असेल.”

आमचं लग्न कोणत्या पाद्रीने लावलं असेल याचा ते विचार करत असावेत, कारण त्यांचा चेहरा पडला.

“आणि वर्नाची बाजू?”

“तिनेही वजन फार वाढवलं. मी बोललोसुद्धा तिला, की असंच वाढत गेलं तर पेलवणार नाही.”

“असं... तोंडावर बोललात?”

“मग काय पाठीमागे बोलू?”

ते बादलीवर जरा सरकून बसले. बराच वेळ त्यांच्या ओठांशी काहीतरी येत होतं आणि परत जात होतं. शेवटी त्यांनी विचारलं, “दुसरी कोणी मनात आहे का?”

“होती एक,” मी म्हणालो. “फीनिक्सच्या पलीकडे. फार वापरलेली नव्हती. आतून ऐसपैस, दिसायलाही देखणी. पण वर्ना म्हणाली की तिला वास येतो.”

“वर्नाने तिला पाहिलंय?”

“दोघंच तर गेलो होतो बघायला. वर्ना आत जाऊन झोपूनही बघून आली.”

पाद्री उठले. बादली उचलून त्यांनी जागेवर ठेवली, मग पुन्हा उपडी केली. “मी तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करीन,” ते म्हणाले.

“करा की. पण प्रार्थनेबरोबर पोलादी पट्ट्याही लागतील,” मी म्हणालो. “रूबेनला बोलावलंय.”

रूबेन ओचोआ हा वेल्डर. आपली सगळी सामग्री छोट्या ट्रकमध्ये घालून वसाहतीवसाहतीत फिरतो. त्याने येऊन नाकाखालचा पत्रा काढला, आग लागू नये म्हणून आतला फोम खरवडला, वायरी बाजूला बांधल्या. मग आम्ही दोघांनी बॅटरी धरून पाहिलं. नाकातून येणारी आडवी तुळई जिथे उभ्या खांबाला जोडली होती, तो जोड दोन्ही बाजूंनी फाटला होता. मी हातोडीने टकटक केली. आवाज फुटक्या घंटेसारखा आला.

“मी म्हटलं नव्हतं?” मी रूबेनला म्हणालो.

“कोणाला म्हटलं होतंस?” रूबेनने विचारलं. मी पुन्हा एकदा टकटक केली.

युक्ती साधी होती. खालून जॅक लावून नाक उचलायचं, फट मिटली की पट्ट्या ठोकून जोड पक्का करायचा. पण वाकलेलं लोखंड सरळ करायचं तर ते आधी सरळच्या किंचित पलीकडे न्यावं लागतं. मी आत जाऊन भिंतींवर नजर ठेवायची असं ठरलं. मी न्हाणीघरातल्या कोपऱ्यात भेग बघत उभा राहिलो. रूबेनने जॅक मारला, गाडी करकरली, आणि न्हाणीघराचं दार चौकटीत असं घट्ट बसलं की जणू तिथे कधी दार नव्हतंच.

मी ढकललं. खांदा लावला. ओरडलो. खाली रूबेन कानात बोळे घालून, तोंडावर मुखवटा चढवून ठिणग्या उडवत होता. फोन बाहेर ओट्यावर. न्हाणीघराला खिडकी नाही, फक्त छताला एक झरोका. मी कमोडच्या झाकणावर चढलो आणि झरोक्याला तोंड लावलं.

नेमक्या त्याच वेळी डॉटी, पाद्री आणि वसाहतीतली निम्मी माणसं वर्नाला मधे घेऊन आमच्या अंगणात येत होती. एकदा सगळ्यांनी मिळून एल्डनशी बोलायचं, असं त्यांचं ठरलं होतं. त्यांना मी दिसलो नाही. आकाशातून माझा आवाज तेवढा आला.

“वर्ना, मला यातून बाहेर काढ. जीव घुसमटतोय माझा.”

“बघा,” डॉटी म्हणाली. “अजूनही ह्यालाच सुटायचंय.”

पाद्रींनी घसा साफ केला. “सुटणं हे उत्तर नव्हे, एल्डन.”

“पाद्रीसाहेब? बरं झालं आलात. आधी दार उघडा.”

“ते दार आतूनच उघडावं लागतं.”

“आतून प्रयत्न करून खांदा सुजलाय माझा.”

“प्रयत्न दोघांनी करायचा असतो.”

“मग घ्या की आणखी कोणाला बरोबर,” मी म्हणालो. “एकट्याने ढकलून हलणार नाही ते.”

इतक्यात ठिणग्या थांबल्या आणि रूबेन नाकाखालून सरपटत बाहेर आला. एवढी माणसं बघून त्याने मुखवटा वर केला. “काय झालं?”

“हे दोघं वेगळे होताहेत,” डॉटीने त्याला हळू आवाजात सांगितलं.

“वेगळे झाले होते,” रूबेन म्हणाला. “एवढं अंतर होतं. आत्ताच जोडलं मी. हात लावू नका, गरम आहे.”

सगळे वाकून नाकाखाली बघू लागले. मग वर्नाचं हसणं ऐकू आलं. ती हसायला लागली की मधे श्वास घ्यायला विसरते. तसं हसताना मी तिला कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. रूबेनने जॅक उतरवला, दार आपोआप सुटलं, आणि मी घामाने निथळत पायरीवर आलो तेव्हा वसाहतीतली माणसं एकमेकांच्या बुटांकडे बघत होती. पाद्री माझ्याशी हात मिळवून म्हणाले, “त्या फीनिक्सच्या गाडीला कसला वास येत होता?”

संध्याकाळी आम्ही दोघांनी उरलेले बटाटे गरम केले. गाडी पुन्हा पायांवर उभी होती आणि कण्हत नव्हती.

“तुला कधी कळलं?” मी वर्नाला विचारलं.

“डॉटी पहिलं भांडं घेऊन आली तेव्हाच.”

“मग सांगितलं का नाहीस लोकांना?”

वर्नाने खालच्या बाजूचं करपलेलं चीज चमच्याने खरवडलं. “बटाटे चांगले होते. आणि रोज कोणी ना कोणी येऊन मला विचारत होतं, वर्ना, कशी आहेस तू? बसून ऐकतही होतं. तू सकाळ-संध्याकाळ हातोडी घेऊन सांगाड्याचीच विचारपूस करत होतास.”

मी विचारलं, “कशी आहेस तू?”

“आता नको,” ती म्हणाली. “आता मी जेवतेय.”

पण नंतर सांगितलं तिने. बराच वेळ सांगितलं. त्यातलं बरंचसं माझ्याबद्दल होतं, म्हणून इथे देत नाही.

या गोष्टीला महिना झाला असेल. रस्त्यापलीकडे लॉइड गॅफ्नी नावाचा माणूस बायकोबरोबर राहतो. गाडी आमच्याच बनावटीची. एक दिवस मी तिथून जाताना सहज वर पाहिलं, तर त्याच्याही खिडकीच्या कोपऱ्यातून तीच तिरकी भेग. लॉइड खुर्ची टाकून बाहेर बसला होता. मला राहवलं नाही. शेजारधर्म म्हणून मी जवळ गेलो आणि म्हणालो, “लॉइड, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. तुझ्याकडे आत मोठा तडा गेलाय. मी अनुभवाने सांगतो. वेळीच लक्ष दिलंस तर अजून सावरता येईल.”

लॉइडने माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून गाडीच्या दाराकडे पाहिलं.

“तुला कोणी सांगितलं?” तो म्हणाला. “तिने सांगितलं का?”

मी भेगेकडे बोट दाखवायला हात उचलला होता. तो खाली घेतला आणि शेजारची खुर्ची ओढून बसलो. दिवस मावळेपर्यंत लॉइड बोलत होता आणि मी मान हलवत होतो.

भेगेचं सांगायचं राहूनच गेलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?