हिरवं झालं की बरोबर!

"चौतीस वर्षं मुलं हाकतोय मी! हे एक डबडं मला हाकता येणार नाही होय?"

शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाचे सर असे गरजले, तेव्हा गणिताच्या बाईंच्या हातातला चहा हिंदकळला. विषय होता सातवीच्या वर्गात बसवलेला नवा डिजिटल फळा. तो कसा वापरायचा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. सर पहिल्या दिवशी गेले, बिस्किटं खाल्ली आणि दुपारी पंख्याखाली त्यांना अशी काही डुलकी लागली की शिकवणाऱ्या पोरानं माईकचा आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी सर गेलेच नाहीत. शिकण्यासारखं उरलंय काय, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

आता त्या डुलकीत नेमकं काय निसटलं ते पुढे कळेलच. आधी फळा समजून घ्या.

भिंतीवर हा भला मोठा पांढरा पडदा. मुलांच्या हातात एकेक चिमुकला रिमोट, त्यावर अ, ब, क, ड अशी चार बटणं. बेचाळीस मुलं, बेचाळीस रिमोट. त्रेचाळिसावा सरांचा. पडद्यावर प्रश्न येतो, मुलं बटणं दाबतात, चार खांब सरसर वर चढतात. मग एक खांब हिरवा होतो, बाकीचे लाल. हिरवा झाला की फळा टाळ्या वाजवतो. खऱ्या टाळ्या नव्हेत, आतमध्ये भरलेल्या. पण वाजतात अशा, की वाटावं मागे हजार माणसं बसलीत. हिरवं दाबणाऱ्याला दहा गुण, आणि कोपऱ्यात पहिल्या पाचांचे नंबर झळकतात.

सरांना पहिल्याच तासाला साक्षात्कार झाला. प्रश्न फळा विचारतो, टाळ्या फळा वाजवतो, गुणही फळाच देतो. मग आपण काय करायचं? सरांनी खुर्ची फिरवली, फळ्याकडे पाठ केली आणि वह्यांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. टाळ्या वाजल्या की मान वर न करता म्हणायचं, "शाब्बास! पुढचा!" बस्स!

तीन आठवडे सर असे सुखात होते. घरी बायकोला म्हणाले, "अगं, वर्गात एवढ्या टाळ्या! पोरं नुसती चमकतायत!"

"आणि तुम्ही काय करता?" बायकोनं विचारलं.

"मी... फळ्याकडे पाठ करून वह्या तपासतो, पण लक्ष ठेवतो."

"मागे डोळे आहेत वाटतं!" बायको म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. बायकांना कशातही खोट दिसते, असं सरांना वाटलं.

मग सहामाही चाचणी झाली. ही कागदावर, पेनानं.

पहिला पेपर सरांनी उचलला. देवमासा हा कोण? मासा. सर हसले. दुसरा पेपर. मासा. तिसरा, चौथा, दहावा. मासा, मासा, मासा! वटवाघूळ? पक्षी. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं? हवा. मोठा आणि लहान दगड एकदम सोडले तर आधी कोण पडेल? मोठा. एक्केचाळिसच्या एक्केचाळीस पेपर जणू एकाच साच्यातून काढलेले!

"कॉपी!" सर ओरडले. पण कॉपीत निदान दोन-चार जण तरी चुकीचं टिपतात हो! इथे तर कवायतीच्या रांगेसारखी शिस्त होती.

शेवटचा पेपर उरला. तो होता शंकाबाईचा.

ही शंकाबाई म्हणजे दुसऱ्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी. नाव मुलांनी ठेवलेलं, आणि ते अगदी चपखल होतं. सर "पाणी शंभर अंशाला उकळतं" म्हणाले की हिचा हात वर. "का? नव्वदला का नाही? डोंगरावर पण शंभरच का?" सर वैतागायचे, तास लांबायचा, मागची पोरं कण्हायची. पण घरी जाताना सर स्वतःशीच हसायचे. चौतीस वर्षांत 'का' विचारणारं हे तिसरंच पोर. ती एकटी जरी नीट शिकून बाहेर पडली, तरी आपली नोकरी सुफळ झाली असं त्यांनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

सरांनी पेपर उघडला. देवमासा: मासा. दगड: मोठा.

सरांचा चष्मा नाकावरून घसरला. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की तीन आठवड्यांत त्या पोरीचा हात एकदाही वर गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकताच सर गरजले, "देवमासा मासा आहे असं कोणत्या गाढवानं सांगितलं?"

पहिल्या बाकावरचा गोलमटोल मॉनिटर उभा राहिला. "हिरवं झालं होतं सर."

"काय झालं होतं?"

"मासा हिरवा झाला होता. टाळ्या पण वाजल्या. तुम्ही शाब्बास म्हणालात!"

"आणि सर, नावातच मासा आहे की!" मागून कोणीतरी पुरवणी जोडली.

सर तडक कम्प्युटर शिकवणाऱ्या मास्तरकडे गेले. हा पोरगेला मास्तर सरांचाच जुना विद्यार्थी, त्यामुळे अजून जरा दबकून असायचा. त्यानं दोन बटणं दाबली आणि चेहरा पाडला.

"सर, तुम्ही उत्तरं भरलीच नाहीत?"

"कसली उत्तरं?"

"प्रश्न कंपनीचे असतात, बरोबर उत्तर कोणतं ते शिक्षकानं भरायचं. प्रशिक्षणात पहिल्याच दुपारी सांगितलं होतं ना! नाही भरलं तर फळ्याला वाटतं, नुसता कौल घ्यायचाय. मग ज्याला जास्त मतं, ते हिरवं."

सर मटकन खाली बसले. म्हणजे तीन आठवडे त्यांच्या पाठीमागे विज्ञानाची निवडणूक चालली होती, आणि विज्ञान दररोज पडत होतं! डिपॉझिटसकट!

"भर! आत्ताच्या आत्ता खरी उत्तरं भर!"

"कोणी हात लावायचा नाही!"

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचा चेहरा एवढा खुललेला सरांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. हातात एक कागद होता. "सर, तुमच्या वर्गात बरोबर उत्तरांचं प्रमाण किती आहे ठाऊक आहे? शहाण्णव टक्के! सगळ्या शाळांत पहिले! शुक्रवारी खात्याचे साहेब स्वतः वर्ग बघायला येतायत!"

"बाई, ते प्रमाण खोटं आहे. पोरं चुकीचंच दाबतायत, पण सगळी मिळून दाबतायत, म्हणून..."

"सगळी मिळून! हेच तर साहेबांना हवंय! सर, चालत्या गाडीला खीळ घालू नका. शुक्रवारपर्यंत फळ्याला कोणी बोट लावलं तर माझ्याशी गाठ आहे!"

गेल्या की निघून! आणि तो दिवस होता मंगळवार.

सरांनी निश्चय केला. फळा नसला तर नसला, आपण जुन्या पद्धतीनं शिकवू. डोळ्यांनी बघितल्यावर कोण नाकारेल? त्यांनी अंगणातून एक नारळाएवढा दगड आणि एक बोराएवढा खडा आणला, टेबलावर खुर्ची ठेवली आणि तिच्यावर चढले. शिपाईमामा खुर्चीचा पाय धरून उभे. "सर, वयाचा विचार करा हो!" ते पुटपुटत होते.

"बघा रे नीट! एक... दोन... तीन!"

धाडकन! दोन्ही दगड एकाच क्षणी खाली आले. फरशीचा टवका उडाला, तो शिपाईमामांच्या नडगीला लागला, मामांनी खुर्ची सोडली, आणि तिसरी जड वस्तू म्हणून सरही खाली आले. खालच्या मजल्यावरच्या बाई धावत वर आल्या. "छत पाडताय का आमच्या डोक्यावर?"

"पडले की नाही एकदम?" सर जमिनीवरूनच ओरडले. कोपर खरचटलं होतं, पण चेहरा विजयी होता.

"हो सर! एकदम!" बेचाळीस आवाज.

"मग दाबा बटणं!"

खांब सरसर वर गेले. मोठा दगड आधी: बेचाळीस. हिरवं. टाळ्या!

सरांना रडूच यायचं बाकी राहिलं. तास संपल्यावर त्यांनी शंकाबाईला थांबवलं.

"बाळ, तू तरी बघितलंस ना?"

"बघितलं की सर. एकदम पडले."

"मग मोठा का दाबलास?"

तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सर, सगळ्यांनीच बघितलं. पण सगळ्यांना वाटतं बाकीचे जुनंच दाबणार. मग आपण एकट्यानं का लाल व्हायचं? पहिल्या आठवड्यात मी खरं-खरं दाबायचे. रोज लाल. वर्ग हसायचा. तुम्ही वह्यांत तोंड घालून बसलेले."

सरांनी खरचटलेलं कोपर चोळलं.

"मग मला युक्ती सापडली," तिचे डोळे चमकले. "आता मी प्रश्न वाचतच नाही! बाकीचे काय दाबतील तेवढंच ओळखते. सोपं आहे, सर. आता मी पहिल्या पाचात आहे!"

तिच्या आवाजात एवढा आनंद होता, की सरांना वाटलं, टवका मामांना लागला तो आपल्या डोक्यात लागला असता तर बरं झालं असतं. हे पोर हातचं गेलं! आणि घालवलं कोणी? स्वतःच्या पाठीनं!

त्या दिवशी घरी जाताना सरांच्या डोक्यात विचार आला. फळा बदलता येत नाही, ठीक. मतं तर बदलता येतात! सगळ्यांनी मिळून खरं उत्तर दाबलं तर खरंच हिरवं होईल. आणि खरं बोलूनही टाळ्या मिळतात हे त्या पोरीनं एकदा बघितलं, की तिची गाडी रुळावर येईल. शुक्रवारी साहेबांसमोर दगडांचाच प्रश्न घ्यायचा!

आणि मग, वाचकहो, चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस गुरुत्वाकर्षणाच्या प्रचाराला निघाला. मधल्या सुट्टीत नळापाशी उभं राहून पोरांना गाठायचं. "काय रे, शुक्रवारी 'ब' ना? दोन्ही एकदम?"

"बघू सर," पोरं म्हणायची, मुरलेल्या मतदारासारखी.

मॉनिटर पुढारी निघाला. "मागच्या दोन बाकांची जबाबदारी माझी सर, पण आठवडाभर गृहपाठ नको."

"माफ!"

"आणि चाचणी परत नको."

"बरं बाबा!"

खिडकीजवळच्या एकाला सरांचं मुळात पटतच नव्हतं. "सर, मोबाईलवर एक जण म्हणतो मोठाच आधी पडतो. त्याला नऊ लाख लाईक आहेत. तुम्हाला किती?"

सरांनी खरचटलेलं कोपर दाखवलं. त्याला एवढ्या लाईक मिळाल्या नाहीत. शेवटी त्याला फुटबॉलच्या तासाला सोडायचं कबूल करून ते मत फोडलं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जमले. शंकाबाईला सर काही देणार नव्हते. तिला ते एवढंच म्हणाले, "बाळ, उद्या खरं दाब."

"बाकीचे दाबणार आहेत ना, सर? मग काही प्रश्नच नाही!"

शुक्रवार उजाडला. साहेब आले, मोठ्या बाई आल्या, मागे फोटो काढणारा आला. साहेब पोटावर हात ठेवून पहिल्या बाकाशेजारी बसले. पडद्यावर प्रश्न आला: मोठा आणि लहान दगड एकाच उंचीवरून एकदम सोडले तर? अ) मोठा आधी. ब) दोन्ही एकदम.

"वा!" साहेब मोठ्यानं हसले. "फारच सोपा काढलात की! जड ते आधी पडणार, त्यात विचारायचं काय?"

मॉनिटरनं साहेबांकडे बघितलं. खिडकीजवळचा दात दाखवत होता. मोठ्या बाई मान डोलावून म्हणाल्या, "अगदी बरोबर, साहेब! सर, तुम्हीही दाबा ना! शिक्षकांचा सहभाग दिसला पाहिजे!" आणि त्रेचाळिसावा रिमोट त्यांनी सरांच्या हातात कोंबला.

दहा सेकंद. फळा टिकटिक करू लागला.

सरांनी वर्गावर नजर फिरवली. पोरं फुटली! नक्कीच फुटली! साहेबांनी तोंडानं सांगितल्यावर कोण 'ब' दाबतंय? अख्खा वर्ग हिरवा होणार, आणि फोटोवाल्यासमोर, खात्याच्या साहेबांसमोर आपण एकटे लाल! निवृत्तीला सहा महिने उरलेले! तीन... दोन...

सरांचा अंगठा आपोआप हलला. अ.

खांब वर चढले. पोरांनी शब्द पाळला होता! 'ब' चा खांब पडद्याच्या टोकाला जाऊन टेकला. बेचाळीस! हिरवा! टाळ्यांचा कडकडाट! आणि 'अ' च्या खाली एक बारीकशी लाल रेघ. एक मत.

"अर्थात 'ब'!" साहेब ताडकन उभे राहिले. "मी मुलांची परीक्षा बघत होतो. उत्कृष्ट वर्ग! मोठ्या माणसाच्या बोलण्याला भुलले नाहीत. पण हे एक लाल कोणाचं? त्या मुलाकडे लक्ष द्यायला हवं हं, बाई."

मोठ्या बाईंनी पडद्याजवळ जाऊन लाल रेघेखालचा रिमोटचा नंबर वाचला. मग पुन्हा वाचला.

"त्रेचाळीस," त्या म्हणाल्या.

बेचाळीस माना एकदम सरांकडे वळल्या. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

साहेब गेले. पुढच्या महिन्यात सरांनी प्रशिक्षणाला पुन्हा बसावं, अशी सूचना ते वहीत लिहून गेले. वर्ग रिकामा झाला. सर टेबलाशी रिमोट हातात घेऊन बसले होते. दप्तर पाठीला लावून शंकाबाई त्यांच्यापाशी आली. आता ही विचारणार 'का', सरांना वाटलं. विचारावं तिनं! खडसावून विचारावं! निदान ती तरी वाचली असं होईल. काय उत्तर द्यायचं तेही त्यांनी मनात जुळवलं.

तिनं त्यांच्या हातावर अगदी मायेनं थोपटलं.

"जाऊ दे सर, वाईट वाटून घेऊ नका. सुरुवातीला होतं असं," ती म्हणाली. "पुढच्या वेळी दाबायच्या आधी माझ्याकडे बघत जा. मी खूण करीन."