पाहुण्याची ॲसिडिटी आन् डबाभर करडी

"ॲसिडिटी? ती मी टँकरनं काढतो," गोरक्षनाथ मिशीवर ताव देत म्हणला.

जालन्याच्या एका तेल रिफायनरीत गोरक्षनाथ बारा वर्षांपासून वजनकाट्यावर बसून राह्यला. भरला टँकर किती, रिकामा किती, एवढंच काम. पण वाटूर गावात समदे त्याला 'केमिस्ट' म्हणायचे, आन् त्यानं कधी कुणाची चूक काढली न्हाई.

आज त्याच्या तृप्तीला बघायला पाहुणे येणार व्हते. निरोप आल्ता, पोराचे वडील रामकिसनराव यांना तीस वर्षांपासून ॲसिडिटी हाय, तळलेलं जरा बेतानं. आन् घरात तर दोन महिन्यांमागं घाण्यावरून आणलेलं कच्चं करडीचं तेल, डबाभर.

"आवं, दुकानातून रिफाइनची पिशवी आणा ना," बायको गोपिकाबाई म्हणली.

"केमिस्टाच्या घरी पिशवी? आगं, कच्च्या तेलातच ॲसिडिटी असती. सोडा टाकला का बराबर निघून जाती."

"किती टाकायचा?"

हे काही काट्यावरून दिसत न्हाई. गोरक्षनाथानं इचार केला. तेलाची ॲसिडिटी दोन महिन्यांची, पाहुण्याची तीस वर्षांची. दोघांची मिळून त्यानं धुण्याच्या सोड्याचा अख्खा पुडा ओतला.

तेल दुधासारखं फाटलं. खाली पिवळा, बुळबुळीत गाळ बसला. तो त्यानं अंगणात ओतून दिला. वरचं तेल मात्र चकचकीत. कंपनीत यानंतर तेलातला साबण काढायला ते गरम पाण्यानं दोनदा धुतात, पण ते शेड काट्यापासून लई लांब हाय.

भजे कढईत पडले आन् फेस वर आला.

"अण्णा, कढई उतू चालली," तृप्ती म्हणली.

"ॲसिडिटी बाहेर पडून राह्यली. पडू दे."

रामकिसनरावांनी चार भजे खाल्ले. बोलायला तोंड उघडलं तर ओठावर बुडबुडा आला. चांगला लिंबाएवढा झाला, मंग फुटला. समदे भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बघत बसले.

"छातीत कसं वाटतंय पाहुणे?" गोरक्षनाथानं इचारलं.

"जळजळ बिलकुल न्हाई. आतून कुणी धुणं धुतल्यावानी वाटतंय." पाहुण्यांनी ओठ पुसले. "पोरगी पसंत हाय. लग्नाचा सैपाक तेवढा आमच्याकडं."

गोरक्षनाथ छाती फुगवून त्यांना दारापर्यंत सोडायला गेला. अंगणात सकाळचा गाळ तसाच व्हता.

रामकिसनरावांचा पाय सहा आठवडे प्लास्टरात हाय. पसंतीचं मंग कळवतो म्हणले.