बगळेसाहेबांचा अंदाज आणि साळूबाईच्या कुरडया

बसा खाली. मांडी घाला. गोष्ट ऐकायची तर गप ऐकायची. मधेमधे 'मग काय झालं' करायचं नाही. मी सांगतोच आहे ना?

एका जंगलात वैशाख तापला होता. असा तापला होता की सरडे दगडावर एक पाय टेकायचे नि दुसरा उचलायचे.

त्या जंगलात हवामान खातं होतं. खात्यात बगळा होता. बगळाच का? पांढरे कपडे, एका पायावर उभा, डोळे मिटलेले. लांबून वाटायचं, केवढा विचार करतोय. एवढ्यावर माणसांतसुद्धा नोकऱ्या लागतात.

रोज सकाळी बगळा उंबराच्या शेंड्यावरून ओरडायचा, "विभागात गारवा राहील. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता आहे."

पाऊस आला तर म्हणायचा, "सांगितलं होतं." नाही आला तर म्हणायचा, "शक्यताच होती." असा तो कधी चुकलाच नाही.

गारवा ऐकून सिंहमहाराज खूश. त्यांनी गुहेपुढं 'गारवा महोत्सव' भरवला. झाडाझाडाला फलक लागले, 'महाराजांच्या कृपेने गारवा'. फलकाखाली माकडं घामानं निथळत होती, तरी टाळ्या वाजवत होती.

आता साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, नि जीभही त्याच जातीची. तिच्या लेकीचं, सुईचं, लग्न ठरलं होतं. रुखवतात कुरडया मांडायच्या होत्या. विहीणबाई नावं ठेवायला टपून बसलेली. कुरडई जरा काळी पडली असती तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

गहू भिजवून, वाटून चीक तयार होता. चीक थांबत नसतो, आंबतो. घालायच्या तर आजच. आणि डोंगराआडून एक ढग डोकावत होता.

साळूबाई ओढ्यावर गेली. बगळा तिथं एका पायावर कामात होता. म्हणजे मासे बघत होता.

"बगळेसाहेब, कुरडया घालू का नको?"

"शक्यता आहे."

"कशाची?"

"दोन्हीची."

"अरे भल्या, मी भविष्य नाही विचारत, कुरडया विचारते. घालू का नको?"

"बाई, खातं असं सांगत नसतं."

शेजारचं अस्वल पाण्यात बसलं होतं. ते म्हणालं, "जाऊ द्या साळूबाई. साहेब आहेत ते."

"साहेब आहे तर उन्हात बसू दे की थोडा!"

साळूबाईनं पाठ फिरवली, काटे फुलवले नि उलटी उलटी सरकत बगळ्याच्या अंगावर निघाली. बगळा मागं हटला. हटत हटत थेट तिच्या बिळापुढच्या खडकावर चढला.

"आता इथंच राखण कर. तुझी ती शक्यता आली की हाक मार."

साळूबाईनं जुनं लुगडं अंथरलं. मायलेकींनी सोऱ्यानं कुरडया घातल्या. बगळा उभा. पण तापल्या खडकावर एका पायावर उभं राहणं जमेना. तो दोन्ही पायांवर नाचायला लागला. झोप उडाली. डोळे उघडले. आणि पोरांनो, नोकरीला लागल्यापासून त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.

ढग डोंगर ओलांडून आला होता. वारं फिरलं. धुरळा उठला. बगळ्यानं चोच उघडली. "श... शक्..." झालं, तिथंच अडकला.

तेवढ्यात लुगड्याचा काठ उडाला नि एक कुरडई घरंगळली.

"पाऊस येणार!" बगळा ओरडला. "आत्ता! ह्या खडकावर! उचला!"

अस्वल धावलं. त्यानं दोन टोकं धरली, सुईनं दोन. सुटलेल्या कुरडया साळूबाईनं अंगावरच घेतल्या. भोकाभोकाची कुरडई, काट्यावर कशी छान बसते! सगळं बिळात शिरलं नि कडाड् करून वीज चमकली. कुरडयांना थेंब लागला नाही.

बगळा बाहेर भिजत हसत उभा होता.

"आत ये मेल्या," साळूबाई म्हणाली, "ताप येईल."

पण ती आरोळी महोत्सवातही पोचली होती. 'येणार' ऐकून महाराज आयाळ मोकळी सोडून उघड्यावर बसले. माकडांना नाचायला लावलं. पाऊस खडकावर पडला नि निघून गेला. गुहेपुढं नुसती धूळ.

बगळ्याला बोलावणं आलं.

"पाऊस कुठाय?"

"खडकावर पडला, महाराज."

"आम्ही गुहेत राहतो."

"मी खडकच म्हणालो होतो."

"तिथंच माती खाल्लीस! शक्यता म्हणाला असतास तर ती सगळ्यांची राहिली असती. तू ठिकाण सांगितलंस. आता आमच्या फलकांचं काय करू?"

बगळ्याला काढलं. जागेवर घुबड आणलं. त्याला दिवसा नीट दिसत नाही, म्हणून महाराजांना ते फार पसंत पडलं.

लग्न झालं. विहीणबाईनं कुरडई उजेडात धरून बघितली. पांढरीशुभ्र. नाव ठेवायला जागाच नाही, म्हणून बिचारी रुसली. बगळा पंगतीत पहिल्या पाटावर होता. आता वाळवण कुणाचंही असो, राखणीला बोलावणं त्यालाच असतं.

तात्पर्य: बाळांनो, शिका, मोठे व्हा, खात्यात लागा, नि आभाळाकडं कधी बघू नका. बघितलंत तर खरं सांगाल. आणि खरं सांगणाऱ्याला पगार नसतो, नुसत्या कुरडया मिळतात. तळलेल्या.