लेसर परिषदेचं चूलबंद आवतन

प्राध्यापक कौतिक बाविस्करांना १९९३ साली लेसरचं यंत्र हवं म्हणजे हवंच होतं. तीन वर्षं त्यांचा विभाग विद्यार्थ्यांना लेसर फळ्यावर काढून दाखवत होता. आता परिषदेला दिल्लीहून डॉ. राघवाचारी येणार होते, आणि त्यांनी शिफारस केली की यंत्र मंजूर. अडचण एकच होती. या टेकडीवरच्या नव्या विद्यापीठात व्याख्यानाला माणूस फिरकत नसे. मागच्या वेळी अकरा श्रोते होते, त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आलेला.

म्हणून सरांनी शिपाई जीवरामला टेकडीखालच्या त्याच्या गावातून सभागृह भरेल इतकी माणसं आणायला सांगितलं. जीवराम कामाला चोख. गावात लग्नाची आवतनं देण्यात त्याचा जन्म गेला होता. हेही आवतन त्याने तसंच दिलं, हातात अक्षता घेऊन, दारोदार, आणि सरांचं कार्य म्हणून थेट चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, तान्ह्या पोरासकट अख्ख्या घराने जेवायला यायचं.

परिषदेच्या दिवशी दहाला सभागृह भरलं, साडेदहाला जिने भरले. सरांना काय करू आणि काय नको असं झालं. पुढच्याच रांगेत गावातल्या म्हाताऱ्या झुंबरबाई नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. सगळ्यांनी ताट-तांब्या का आणलाय, हे मात्र सरांना कळेना. त्यांनी जीवरामला बाजूला घेऊन विचारलं आणि जीवरामने मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं.

सरांच्या पायाखालची जमीन सरकली. जेवण सांगितलं होतं साठ पाहुण्यांचं, आणि समोर सहाशे माणसं.

"अरे, मी माणसं बोलाव म्हणालो होतो."

"सर, बठ्ठा गावले, सगळ्यांनाच बोलावलं तर चूलबंदच बोलावतात. आता लोक भुके उठी गयात तर या टेकडीवर कुत्रंबी येवाव नही."

ते खरंच होतं, आणि लोक उठले की यंत्रही गेलं. सर धावत खानावळीच्या लिलाबाईंकडे गेले. लिलाबाई जराही डगमगल्या नाहीत. सहाशे माणसांचं वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करायची तर गावातल्या दहा बाया आणि अडीच तास लागतील, आणि तोवर त्या पाहुण्याला बोलत ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या.

राघवाचारींचं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. ते संपत आलं तशी मागून चिठ्ठी आली, 'बट्टी कच्ची आहे.' सर चिठ्ठी घेऊन उठले आणि इंग्रजीत म्हणाले, श्रोत्यांना लेसरचा दवाखान्यातला उपयोग ऐकायचा आहे. राघवाचारी खुलले. तासाभराने दुसरी चिठ्ठी आली, 'वरणाला फोडणी बाकी.' श्रोत्यांना आता लेसरचं अवकाशातलं काम ऐकायचं होतं. एकही माणूस हलला नाही. हलून जाणार कुठे, घरी चूल थंड होती. राघवाचारींचे दिल्लीचे विद्यार्थी विसाव्या मिनिटाला घड्याळ बघत, आणि इथे म्हाताऱ्या बायाबापड्या टक लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

शेवटी झुंबरबाई उभ्या राहिल्या.

"भाऊ, आमना घरमा सकायपाईन चुल्हा पेटना नही. पंगत कवय बसी?"

माताजी काय विचारतात, असं राघवाचारींनी विचारलं. सर घाईघाईने दुभाषी झाले.

"त्या विचारतात, हे विज्ञान गोरगरिबांपर्यंत केव्हा पोहोचणार."

राघवाचारींनी चष्मा काढून डोळे पुसले. "त्यांना सांगा, माझ्या हयातीत पोहोचेल की नाही, मला ठाऊक नाही."

सर मराठीत म्हणाले, "दहा मिनिटांत."

सहाशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. राघवाचारींनी हात जोडले, मग पंगतीत मांडी घालून पाच बट्ट्या खाल्ल्या आणि जाताना सरांना मिठी मारली. यंत्र आलंच म्हणून सरांनी विभागात टेबलाची जागासुद्धा आखून ठेवली.

महिन्याने पत्र आलं. राघवाचारींनी लिहिलं होतं की यंत्र काय, कोणत्याही विद्यापीठाला देता येतं, पण असे श्रोते देशात दुसरीकडे नाहीत. म्हणून यंत्राचे पैसे त्यांनी व्याख्यानांकडे वळवून घेतले होते. सोबत वर्षभरातल्या आगामी बारा व्याख्यानांची यादी होती. पहिलं येत्या गुरुवारीच होतं, आणि श्रोत्यांची आवड पाहून प्रत्येक वक्त्याला तीन तास दिले होते.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि निमूटपणे जाऊन लिलाबाईंना गुरुवारसाठी पाच पोती वांगी सांगून आले.