कौसाक्काचा ‘सोताचा’ सदरा

आमच्या गल्लीत कुणाही पुरुषाचा सदरा कुठं विरला, ते त्याच्या बायकोच्या आधी कौसाक्काला कळतं. लातूरच्या आमच्या गल्लीच्या तोंडालाच तिचं शिवणाचं दुकान आहे. शाळेला निघालो की हाक ठरलेली, “सर, थांबा जरा.” मग चार लोकांदेखत माझी कॉलर उलटी होते, खांद्याची शिवण दोन बोटांत धरून ओढली जाते आणि निकाल लागतो, “बगलंत जीव न्हाई राहिला. आठ दिवस.” बरोबर आठव्या दिवशी फळ्यावर तारीख लिहिताना सदरा बगलेत टर्रकन फाटतो. पोरं खिदळतात. मला राग सदऱ्याचा येत नाही, ह्या बाईचा येतो.

साठीची, बिनलग्नाची, काटक बाई. तोंडी एकच मंत्र, “काज आधी, गुंडी मागून.” म्हणजे आधी काम, मग बोलणं. हा मंत्र समजावून सांगायला तिला तासभर लागतो.

तीस वर्षं ब्लाउज आणि फॉल-पिको केल्यावर एक दिवस मला म्हणाली, “सर, मी ब्रँड काढायलेय.”

माझा चहा बशीत सांडला. “कशाचा?”

“रानातल्या बायांच्या सदऱ्याचा.”

आमच्याकडं रानात कामाला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना, फुल बाह्यांचा सदरा चढवते. ऊन भाजतं, सोयाबीनच्या वाळल्या शेंगा हात ओरबाडतात. पण तो सदरा पडला गड्याच्या मापाचा. खांदे लोंबतात, बाह्या बोटांच्या पुढं येतात आणि कमरेवर साडीच्या घोळामुळं गुंड्या लागत नाहीत. अक्कानं एकेक दुखणं धरून सदरा बेतला. कमरेला मोठा घेर, मानेवर उंच कॉलर, मनगटाला नाडी, आतून दोन खिसे, एक मोबाईलला आणि एक मिसरीच्या डबीला. कॉलरच्या आत छापील पट्टी, ‘सोताचा’.

नांदेडचा तिचा धाकटा भाऊ फोनवर पोट धरून हसला. “अक्का, पुरं झालं आता. मशीन विक अन् इकडं येऊन राहा.”

अक्का पेटली. “ह्या सोयाबीनच्या काढणीपर्यंत माझा सदरा घातलेली एक बी बाई रानात दिसली न्हाई, तर मशीन विकून येते. दिला शब्द!”

सगळ्या गल्लीनं ऐकलं. लातुरात ह्या बाईला मशीन सोडून दुसरं कोणी नव्हतं, आणि तीच तिनं पणाला लावली होती.

पहिले चाळीस सदरे चाकूरजवळच्या तिच्या गावात हातोहात गेले. आठ दिवसांनी मी तिला मोटरसायकलवर घेऊन बघायला गेलो. रानात वीस बाया खुरपत होत्या आणि विसाच्या वीस नवऱ्यांच्या चिंध्यांत.

“अगं, माझे सदरे कुठायत?”

“पेटीत हायत की, अक्का! डांबरगोळ्या घालून ठेवल्यात. एवढं नवंकोरं चिखलात घालू व्हय?”

एकीनं तर शिरूर अनंतपाळच्या लग्नात भारीतल्या साडीवर तो मिरवला होता. “लई जणींनी इचारलं, कुठून घेतला म्हणून,” ती कौतुकानं सांगत होती.

“जल्म ह्याच गावात गेला माझा,” परतताना अक्का म्हणाली, “अन् नवं कापड रानात कुणी घालत न्हाई, एवढं ध्यानात न्हाई आलं.”

मी पडलो मास्तर, गप्प कसा बसणार? म्हटलं, “अक्का, मग जुनेच विका की! आम्ही गडी आठ दिवस वापरून देतो.”

ही अक्कल मलाच भोवली. आठ दिवस गल्लीतले सगळे पुरुष अक्कानं नवे शिवलेले, एकाच घेराचे निळे सदरे घालून फिरत होते. लोक विचारायचे, वरात कुठं आहे? शाळेत गणिताचे सर माझ्या पोटाकडं बघून गंभीरपणे म्हणाले, “कितवा महिना, सर?” बायको तर हसून हसून ओट्याला टेकून खालीच बसली.

पण चाकूरच्या बाजारात ते विटके सदरे धडाधड खपायला लागले. मी छाती काढून उभा. तेवढ्यात अक्काच्याच गावची, मंगल नावाची एक तिशीतली, हडकुळी बाई आली. सदरा अंगात घातला, गुंड्या लावल्या, आतला खिसा सापडला तशी खुदकन हसली.

“कुणाचा हाय हा?”

“ह्या सरांनी आठ दिवस वापरलाय,” अक्का म्हणाली.

मंगलचं हसू गेलं. तिनं सदरा काढला, नीट घडी घालून परत ठेवला. “मग नगं, अक्का. घरी गडी न्हाई माझ्या. परक्या गड्याचा सदरा घातला की गाव बोलतंय.”

अक्कानं एकदम सगळे सदरे पोत्यात कोंबले.

“अहो अक्का, चांगली विक्री चालू आहे!”

“गुंडी लावा तोंडाला, सर!” ती माझ्यावर खेकसली आणि मंगलकडं वळली. “उद्या कुणाच्या रानात हायस?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गेलो. काढणी सुरू झालेली. बायांच्या ओळीत साठीची अक्का इळा घेऊन बसलेली, अंगात घडीसुद्धा न मोडलेला कोरा करकरीत सदरा. शेजारी मंगल, तीही कोऱ्यात.

“अक्का, अगं नवा हाय की!” बाया ओरडल्या.

“नवा हाय म्हणूनच घातला! काटं खायला शिवलाय, पेटीत झोपायला न्हाई.”

दुपारपर्यंत दोघी मातीनं माखल्या. पण हातावर एक ओरखडा नव्हता. मंगल बाह्या वर सारून एकेकीला हात दाखवत होती. दुसऱ्या दिवशी गावातल्या पेट्या उघडल्या आणि आठवड्यात ते शिवार निळं झालं. मी एकटाच बांधावर टाळ्या वाजवत होतो, लाज कशाची?

आज अक्काकडं सहा मशीन आहेत. एकीवर मंगल बसते. नांदेडकडच्या नायगावच्या बायांची मागणी आणली कुणी? तोच, पोट धरून हसणारा भाऊ!

तिच्या मशीनच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला एक बारका सदरा कायम टांगलेला असतो. परवा मी बाही धरून विचारलं, “अक्का, हा विकायचा नाही का?”

“आईचाय तो.” ती काज करत होती, मान वर केली नाही. “मी पाच वर्षांची असताना बाप गेला. आईनं शेजाऱ्याचा जुना सदरा मागून घातला. गाव बोललं. तिनं त्याच दिशी धुऊन परत दिला. पुढं जल्मभर उघड्या हातानं रानात गेली. घरी आली की मी खोबरेल लावायची तिच्या हाताला. लई चुरचुरायचं, पर बोलायची न्हाई.”

“मापाचा आहे?”

“अंदाजानं शिवलाय,” ती म्हणाली. “साऱ्या जगाची मापं घेतली, सर. आईचं तेवढं राहून गेलं.”

मी ती बाही हातात धरून तसाच उभा राहिलो.